व्हर्लिन खेळाडू होता का

गेले सहा आठवडे माझं डोकं ठिकाणावर नाही. अडतीस वर्षं मी केन फोर्क हायस्कूलच्या लायब्ररीत काढली. कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगीन. पण एका माणसाला कुठल्या फळीवर ठेवायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या माणसाचं नाव व्हर्लिन कॅस्टेव्हन्स. पहिलीपासून माझ्या वर्गातला, आज माझ्यासारखाच सहासष्ट वर्षांचा. नदीच्या पुलाजवळ त्याचं सायलेन्सर आणि ब्रेक दुरुस्तीचं दुकान आहे आणि आयुष्यातली एकतीस वर्षं तो दर शनिवारी मातीच्या ट्रॅकवर मोटारी पळवत असे.

आमच्या शाळेच्या जिममध्ये शिरलं की डाव्या हाताला मानाची भिंत आहे. गावातल्या खेळाडूंच्या पितळी पाट्या तिथे लागतात. दर वर्षी एक नवी पाटी. कुणाची लावायची ते आम्ही चौघं ठरवतो, आणि चारांतली तीन मतं पडल्याशिवाय पाटी लागत नाही. फे लन्सफर्ड, जिने मुलींना वीस वर्षं बास्केटबॉल शिकवला. दातांचे डॉक्टर प्रुइट, ज्यांचं नाव गोल्फसाठी त्या भिंतीवर आधीच आहे आणि जे ते कुणाला विसरू देत नाहीत. चिटणीस मी. आणि अध्यक्ष कोच हॉइट कॅस्टेव्हन्स, वय एक्याण्णव. त्या जिमलाच त्यांचं नाव दिलेलं आहे. व्हर्लिन हा त्यांचा एकुलता एक मुलगा.

यंदा फेने व्हर्लिनचं नाव सुचवलं आणि माझ्या डोक्याचा भुगा झाला.

आमच्याकडे माणूस सत्तरीचा झाला तरी बापाला डॅडीच म्हणतो. बाप मेल्यावरही म्हणतो. व्हर्लिन एकटा असा, की सतरा वर्षांचा झाल्यापासून बापाला ‘कोच’ म्हणतो, सगळं गाव म्हणतं तसा. आणि म्हणून त्यांच्यात भांडण आहे म्हणावं, तर तेही नाही. दर रविवारी चर्च सुटलं की तो त्यांच्याकडे जेवतो. त्यांचं गवत कापतो, यंदा वसंतात त्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून त्यांची दाढीही करतो. जेवताना टोमॅटोवर बोलणं होतं, हवेवर होतं, नव्या पाद्र्याच्या लांबलेल्या प्रवचनावर होतं. शर्यतीवर एकोणपन्नास वर्षांत एक अक्षर झालेलं नाही. मी समोरच्याच घरात राहते, मला ठाऊक आहे.

मुळात हा पोरगा बेसबॉलचा. सतराव्या वर्षी त्याचा चेंडू इतक्या जोरात यायचा की झेलणारा मुलगा हातमोज्यात स्पंज घालायचा. मोठ्या कॉलेजच्या संघाचा एक माणूस त्याला बघायला येणार होता. तेवढ्यात १९७६ च्या एप्रिलमध्ये मामाने त्याला केन फोर्कच्या ट्रॅकवर नेलं आणि आपली जुनी गाडी दिली. गंमत म्हणून. कार्टं दुसरं आलं. बक्षीस मिळालं अठरा डॉलर आणि वाण्याच्या दुकानातर्फे डुकराच्या मांडीचं एक अख्खं खारवलेलं हॅम.

ते हॅम त्याने आईला नेऊन दिलं. आईने रविवारी तळलं, बिस्किटं केली, कॉफी घालून रस्सा केला. कोचनी दोन मोठे तुकडे खाल्ले आणि हात पुसत विचारलं, “हॅम झकास आहे. कुठलं?” व्हर्लिनने सांगून टाकलं. खोटं बोलायची त्या घरात सोयच नव्हती.

सोमवारी कोचनी त्याला संघातून काढलं. शाळेचा नियमच होता, आणि तो कोचनीच लिहिलेला: कोणत्याही खेळात भाग घेऊन ज्याने पैसे किंवा वस्तू घेतली, त्याने शाळेचा गणवेश घालायचा नाही. पोराची आई चार दिवस रडली. कॉलेजचा माणूस आला आणि दुसऱ्याच मुलाला बघून गेला. पुढच्या शनिवारी व्हर्लिन पुन्हा ट्रॅकवर हजर. आता गमावण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मी स्वतः एकोणीस वर्षं त्या ट्रॅकवर, पंचांच्या मचाणावर बसून फेऱ्या मोजायचं काम केलं. संगणक बिंगणक नंतर आले. तेव्हा एकेकीला चार-चार गाड्या वाटून दिलेल्या असायच्या आणि गाडी समोरून गेली की कागदावर रेघ मारायची. व्हर्लिनची सत्तेचाळीस नंबरची गाडी कायम माझ्याकडे. थंड पेयाच्या बाटलीत खारे दाणे टाकून बसायचं आणि रेघा मारायच्या. केसांत, दातांत, कानांत लाल माती. इतक्या रेघा मारल्या, पण गाडी मातीवर वळते कशी ते मला आजतागायत कळलेलं नाही. व्हर्लिन सांगायचा, “डावीकडे जायचं ना, मग चाक उजवीकडे फिरवायचं.” मी म्हणायचे, “माझी थट्टा करतोस होय रे?” तो शपथेवर सांगायचा, खरंच तसं आहे. मी डोळ्यांनी बघितलंय, तसंच आहे. तरी पटत नाही.

पन्नास फेऱ्या झाल्या की तो गाडीतून उतरायचा तेव्हा त्याचे कपडे पिळून घ्यावेत असे. बोटं चाकावर आवळून आवळून वाकडीच राहायची. बक्षिसाच्या कागदावर सही करायला मी एकेक बोट धरून सरळ करून द्यायचे. मग मनात यायचं, हा खेळ नाही तर काय? आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, बयो, तुझी बहीण ऑगस्टमध्ये तंबाखूची पानं तोडते तेव्हा तिचीही बोटं अशीच होतात, तिची पाटी लावलीस का कधी? घाम हेच जर माप, तर अर्धं गाव त्या भिंतीवर लावावं लागेल.

आमच्या ट्रॅकची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गाडी गाडीला घासली, एक गरगरली, की पिवळं निशाण पडतं आणि सगळे सावकाश होतात. गरगरलेला शेवटच्या नंबरावर जातो. पण चूक ज्याची असेल त्याला वाटलं, तर त्याने निशाणवाल्याच्या मचाणाखाली गाडी थांबवायची, खिडकीतून डावा हात बाहेर काढायचा आणि गाडीच्या टपावर दोनदा आपटायचा. म्हणजे, माझी चूक. मग तो स्वतः मागे जातो आणि ज्याला धक्का लागला त्याला त्याची जागा परत मिळते. बस्स एवढंच. कुणी विचारत नाही, कुणी कागद लिहीत नाही. सक्तीही नाही. बहुतेकजण सरळ समोर बघत निघून जातात.

१९९४ च्या हंगामाची शेवटची शर्यत. लोनी शूक पहिला, व्हर्लिन दुसरा. व्हर्लिन दुसराच राहिला असता तरी गुणांवर वर्षाचं अजिंक्यपद त्याचं होतं. दुसऱ्या वळणावर, ट्रॅकच्या पार पलीकडे, धुळीत लोनी गरगरला. मला मचाणावरून काही दिसलं नाही. निशाणवाल्यालाही नाही. लोनीला मागे जायची खूण झाली. आणि सत्तेचाळीस नंबर हळूहळू आला, मचाणाखाली थांबला. डावा हात बाहेर आला. टपावर दोनदा वाजलं.

तो सतराव्या जागेवरून पुन्हा निघाला आणि सहावा आला. अजिंक्यपद चार गुणांनी गेलं. त्याआधी कधी मिळालं नव्हतं, त्यानंतरही मिळालं नाही. सहीच्या वेळी त्याची बोटं सोडवताना मी अक्षरशः ओरडले, “अरे, कुणाच्या बापाने पाहिलं नव्हतं!”

“मी होतो ना गाडीत,” तो म्हणाला. “पेन दे.”

आता आमच्या बैठकीकडे येते. मंगळवारी चार वाजता, लायब्ररीतलं लांब टेबल. डोक्याशी कोच, पुढ्यात त्यांची चालायची चौकट. फेने केक आणला होता. तो कापायच्या आधीच डॉक्टर प्रुइट सुरू झाले.

“व्हर्लिन भला माणूस आहे, माझे ब्रेक तोच करतो. पण मुद्दा असा की पळते गाडी. माणूस नुसता बसलेला असतो.”

“आणि तुम्ही?” फे म्हणाली. “तुम्ही त्या इटुकल्या गाडीत बसून, मागे थंड पेयांची पेटी ठेवून हिरवळीवर फिरता. वर्षानुवर्षं भिंतीवर आहात.”

“मी खाली उतरतो. चेंडू मारतो.”

“चेंडू पाहिजे का? मग त्या हॉलरचं काय? मासेमारीसाठी लावलीय ना त्याची पाटी? घाम तर माशालाच आला असेल.”

“माशाला घाम येत नाही, फे.”

“मग कुणालाच आला नाही! तरी पाटी आहेच!”

मी टिपणं लिहीत होते आणि दोघांचंही मला पटत होतं. ही माझी जुनी खोड. शेवटी सगळे कोचकडे बघायला लागले. पोटच्या पोराबद्दल बोलायचं होतं, पण त्यांचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा कोरा.

“बसून करतात तो खेळ नव्हे,” ते म्हणाले. “माझं मत हेच होतं आणि हेच आहे. नियम असा की उमेदवाराचा शाळेतला रेकॉर्ड जोडलेला असावा. तो जोडलेला नाही. मिस रीबा, शोधा. दोन आठवड्यांनी मतदान.” आणि मग केक मागितला.

मी तडक व्हर्लिनच्या दुकानावर गेले. तो एका ट्रकखाली होता, नुसते बूट दिसत होते. मी बुटांना सगळं सांगितलं.

“काढून टाक माझं नाव,” खालून आवाज आला. “म्हाताऱ्याला कशाला त्रास?”

“तुला पाटी नको?”

थोडा वेळ नुसता पान्याचा आवाज. मग तो चाकांच्या फळीवरून सरकत बाहेर आला, आणि त्याच्या तोंडाकडे बघून मला वाटलं, उगाच विचारलं.

“पाटी नको गं. मला फक्त एक कळायला हवंय. शर्यत हा खेळ असेल, तर मी खेळाडू होतो, तसं म्हणा. खेळ नसेल, तर मग त्या अठरा डॉलरवरून माझा बेसबॉल का गेला? नियमात ‘खेळात’ असं होतं ना? रस्त्यावर गवत कापून डॉलर घेतले असते तर काढलं असतं का? नाही ना? दोन्हीपैकी एक काहीतरी असेल की नाही?”

“हे त्यांना विचारलंस कधी?”

“टोमॅटोत कुठे बसवू?” तो म्हणाला आणि पुन्हा आत सरकला.

घरी येईपर्यंत तेच माझ्या डोक्यात फिरत राहिलं. बरोबर होतं त्याचं. साठ वर्षं मी त्या माणसाला ओळखते, आणि इतकी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मला माझाच राग आला.

शाळेच्या तळघरात जुन्या फायली आहेत, उंदरांनी कडा कुरतडलेल्या. तीन दिवस मी तिथे शिंकत बसले. चौथ्या दिवशी व्हर्लिनची फाइल सापडली. बेसबॉलचे आकडे, डॉक्टरचा दाखला, आणि शेवटी एक हाताने लिहिलेला कागद. कोचचं अक्षर मी कुठेही ओळखीन, सगळी अक्षरं हुकमाला उभी असल्यासारखी ताठ. मुख्याध्यापकांना लिहिलं होतं:

‘माझा मुलगा व्हर्लिन याने गेल्या शनिवारी मोटार शर्यतीच्या खेळात भाग घेऊन अठरा डॉलर व एक हॅम स्वीकारले. नियमाप्रमाणे तो शाळेचा खेळाडू राहत नाही. सदर हॅमपैकी दोन तुकडे अनवधानाने मीही खाल्ले आहेत, त्याची नोंद व्हावी.’

मी आधी हसले. मग तिथेच खोक्यावर बसून रडले. ‘खेळात’ असं स्वच्छ लिहिलं होतं. आणि ते दोन तुकडे! कोण लिहितं असं? कुणी विचारलं होतं का त्यांना? अख्ख्या गावात या दोनच माणसांना हे सुचेल, बापाला आणि त्या टपावर हात मारणाऱ्या पोराला.

कागद टेबलावर ठेवायचा की नाही, यावर मी दहा दिवस घालवले. एक्याण्णव वर्षांचा माणूस, डावा हात अर्धा मेलेला, त्याला चारचौघांत त्याच्याच अक्षराने अडकवायचं? हे काही बरं नव्हे. पण न ठेवणं म्हणजे मी लपवणार, आणि मतं मोजताना समोर सरळ बघत बसणार. दोन्हीकडून मीच वाईट ठरत होते. समोरच्या घरात दिवा दिसला की मी पडदा ओढून घ्यायचे.

कोच आणि माझं तसं एक जुनं भांडण आहे. वर्षानुवर्षं, एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत, दर रविवारी उजाडता उजाडता ते आपला ट्रक पाइप लावून धुवायचे. लाल पाणी रस्ता ओलांडून थेट माझ्या आयरिसच्या फुलांच्या वाफ्यात. मी झोपेच्या कपड्यांत बाहेर येऊन म्हणायचे, “कोच, चर्च अर्ध्या मैलावर आहे! एवढी माती आणता कुठून?” ते म्हणायचे, “शेताकडचा रस्ता, मिस रीबा.” आमच्याकडची मातीच लाल, तेव्हा मीही पुढे काही विचारलं नाही. अठराएक वर्षांपूर्वी ते धुणं एकाएकी थांबलं. मी म्हटलं, वय झालं असेल, आणि आयरिस जगले म्हणून देवाचे आभार मानले.

मतदानाच्या मंगळवारी मी तो कागद इतर कागदांच्या मध्ये घालून नेला, शेवटपर्यंत ठरवलेलं नसताना. फेने ‘हो’ म्हटलं. डॉक्टर प्रुइटनी ‘नाही’ म्हटलं, वर “मनाला लावून घेऊ नका, कोच,” असंही जोडलं. मग माझी पाळी.

“मला ठाऊक नाही,” मी म्हणाले.

“मिस रीबा,” कोच म्हणाले, “फॉर्मवर ‘ठाऊक नाही’ला चौकट नाही.”

एवढ्यावर माझं टाळकं सरकलं. दहा दिवसांची रखडपट्टी एका फटक्यात संपली.

“चौकट नाही ना? मग हा घ्या रेकॉर्ड. तुम्हीच मागितला होता.” आणि मी कागद त्यांच्यासमोर सरकवला. “माझं मत ‘हो’. शर्यत खेळ आहे की नाही ते मला अजूनही कळत नाही, पण १९७६ साली तो खेळ होता, असं इथल्या सगळ्यात कडक माणसाने लिहून ठेवलंय. तेव्हा होता आणि आता नाही, असं कसं, कोच? पोराकडून बेसबॉल घेताना खेळ, आणि पाटी द्यायची वेळ आली की नुसतं बसणं?”

फे आजही केक घेऊन आली होती, त्याच्याकडेच बघत होती. कोचनी चष्मा लावला. कागद वाचला. पुन्हा वाचला. इतका वेळ लागला की मला वाटलं यांना पुन्हा झटका येतोय. डॉक्टर प्रुइटनाही तसंच वाटलं असावं, ते अर्धवट उठलेच.

मग कोचनी उजव्या हाताने आपला डावा हात मनगटाशी धरला. तो हात त्या वसंतापासून मांडीवर नुसता पडून असायचा. पेला उचलायला, सही करायला, सगळ्याला ते उजवाच वापरत, आणि तसेही ते जन्माचे उजवेच. पण त्यांनी डावाच उचलला, ओढत ओढत डोक्यापर्यंत नेला, आणि टकलावर आपटला. एकदा. हात घसरला. पुन्हा धरला, पुन्हा नेला. दोनदा.

“डोकं दुखतंय का, कोच?” डॉक्टर प्रुइट म्हणाले. “पाणी आणू?”

ही खूण ट्रॅकवरची. ती त्या कुंपणाच्या आत बसल्याशिवाय कुणाला ठाऊक व्हायचं कारण नाही. आणि कोचनी आयुष्यात ट्रॅकचं तिकीट काढलं नव्हतं, हे तर गावातलं कुत्रंही सांगेल.

कोच चालायच्या चौकटीला धरून उठले. टेबलाच्या डोक्याची ती अध्यक्षाची खुर्ची, जिच्यावर दुसरं कुणी कधी बसलेलं नाही, ती त्यांनी सोडली. एकेक पाऊल टाकत ते आम्हा तिघांच्या मागून लांबच लांब टेबल पार करून गेले, आणि दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसले.

“कुठे चाललात? मत राहिलंय ना!” डॉक्टर म्हणाले.

“दिलं त्यांनी,” मी म्हणाले. “तीन विरुद्ध एक. लिहून घेते.”

त्यांना मी माझ्या गाडीतून घरी सोडलं. पूल मागे पडला. मग मी म्हटलं, “ती लाल माती, कोच. माझ्या आयरिसमधली.”

ते खिडकीबाहेर बघत होते. “तिसऱ्या वळणामागे पीचची बाग आहे,” ते म्हणाले. “उतारावर ट्रक लावला की सगळं दिसतं. दुसरं वळणही दिसतं.”

दुसरं वळण. “म्हणजे चौऱ्याण्णव साली, लोनी गरगरला तेव्हा…”

“घासला होता व्हर्लिनने. मी पाहिलं. म्हटलं, आता बघू हा काय करतो.” त्यांचा जबडा हलला. “एक्केचाळीस वर्षं पोरांना शिकवलं मी, मिस रीबा. शिट्टी वाजली नाही तर खेळत राहा, हेच शिकवलं. माझ्याकडचा एक पोरगा कधी येऊन म्हणाला नाही की फाउल माझा होता.”

“मग आत का नाही आलात कधी? तिकीट सहा डॉलरचं होतं!”

“तिकीट काढलं असतं तर तो खेळ आहे असं मान्य केल्यासारखं झालं असतं.”

“अहो, मग आता काय आहे तो? खेळ आहे की नाही?”

“मला काय विचारता,” ते चिडून म्हणाले. “मी एक्याण्णव वर्षांचा आहे.”

त्यांना दारात सोडून मी गाडी उलटी वळवली आणि पुन्हा पुलाकडे निघाले. व्हर्लिन कुठल्याशा ट्रकखाली होताच. मी बुटांना सांगितलं की पाटी लागणार.

“आणि कोच काय म्हणाले?”

“काहीच म्हणाले नाहीत. डावा हात उचलला, डोक्यावर दोनदा आपटला, आणि उठून शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसले.”

पाना थांबला. तो बाहेर सरकला तो उताणाच पडून राहिला, छाताडावर हात, माझ्याकडे उलटा बघत. मग मी त्याला पीचच्या बागेचं सांगितलं, माझ्या आयरिसचं सांगितलं, तू शर्यत सोडलीस त्या वर्षापासून ट्रक धुणं थांबलं हेही सांगितलं.

“डॅडी?” तो म्हणाला. “डॅडी यायचे?”

मी मान हलवली. तो पत्र्याच्या छताकडे बघत राहिला. डोळ्यांतून पाणी कानांकडे चाललं होतं, ते त्याने पुसलं नाही, हाताला ग्रीस होतं.

“टपावर हात मारणारा मागे जातो,” तो म्हणाला. “आणि दुसऱ्याला त्याची जागा परत मिळते. बरोबर?”

“बरोबर.”

“माझी जागा कितवी होती, रीबा? तू मोजायचीस ना. कुठून सुरू करू मी आता?”

एकोणीस वर्षं मी त्या गाडीच्या रेघा मारल्या, एकही चुकवली नाही. पण ही जागा माझ्या कुठल्याच कागदावर नव्हती. फळी मागे सरकवून तो ट्रकखाली गेला. नुसते बूट दिसत होते, आणि पान्याचा आवाज काही येत नव्हता.